उभ्या गाड्या, बसलेल्या बॅटऱ्या

आमच्या दुकानात जुन्या बॅटऱ्या साठतात, पण त्यांना निदान भंगारवाला आहे. तो येतो, वजन करतो, घेऊन जातो. त्या बॅटऱ्यांबरोबर जे किस्से येतात, ते कोण नेणार? ते माझ्याकडंच राहतात. मग जेवताना मधेच एखादा आठवतो आणि मी एकटीच हसायला लागते. सासूबाई काळजीनं दिलीपकडं बघतात. दिलीप म्हणजे माझा नवरा. तो मान वर न करता सांगतो, "काय नाय आई, चार्ज होतेय ती!"

शहापुरात आमचं बॅटरीचं दुकान आहे. दिलीप दोन बॅटऱ्या जोडायची जंपर केबल आणि एक भरलेली बॅटरी व्हॅनमध्ये टाकून गावोगाव फिरतो, मी दुकान बघते. टर्मिनल घासणं, बॅटरी चार्जिंगला लावणं, मीटरवर तपासणं, सगळं मीच करते. तरी नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मालक नायत का?"

"आहे ना. बोला!"

रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या गॅरेजला जातात. आमच्याकडं येतात त्या उभ्या गाड्या. आमच्याकडं माणूस कामाला ट्रेननं जातो आणि गाडी अंगणात कव्हर घालून उभी ठेवतो. ती निघणार लग्नाला, जत्रेला, नाहीतर दवाखान्याला. आणि नेमकी त्याच दिवशी ती नुसतं "टक्" म्हणते. मग फोन येतो, "वहिनी, गाडी तर वापरलीच नाय! मग बॅटरी संपली कशी?"

"वापरली नाय, म्हणूनच संपली!"

हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की आता आमचा पोपट असता तर तोही बोलला असता.

* * *

पहिला किस्सा आमचाच सांगते, म्हणजे दुसऱ्यांचे सांगायला मोकळी झाले.

आमची स्वतःची गाडी दुकानाच्या मागं उभी असते. दिलीप गावभर सांगत फिरतो, "गाडी जास्त दिवस उभी राहणार असंल तर मायनसची वायर काढून ठेवा." आमच्या गाडीची त्यानं कधी काढली असेल तर शपथ!

माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. मी पैठणी नेसलेली, सासूबाई गजरा माळून मागच्या सीटवर बसलेल्या. दिलीपनं चावी फिरवली. टक्!

मी म्हटलं, "दुकानातली एक बॅटरी लावा ना. रांग लागलीय भरलेल्या बॅटऱ्यांची."

"आता कुठं पाना शोधू? दोन मिनिटांचं काम हाय. ढकल जरा!"

मी पैठणीचा पदर खोचला आणि भर बाजारातून गाडी ढकलायला लागले. सासूबाई आत बसून दोन्ही बाजूंच्या ओळखीच्या लोकांना नमस्कार करत होत्या. भाजीवाल्या मावशी उठून उभ्या राहिल्या आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"वहिनी, बॅटरी बदला गो! शहापुरात एक चांगलं दुकान हाय!"

* * *

भातसानगरच्या बाजूला एक काका राहतात. तिथल्या धरणावरच नोकरी झाली, रिटायर झाल्यावर जवळच घर बांधलं. गाडीवर इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रोज आंघोळ झाली की गाडी पुसणार, अगरबत्ती ओवाळणार, दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करणार, वर कव्हर घालणार. आणि तरी त्यांची बॅटरी सारखी बसायची!

एक दिवस काका-काकू रिक्षात बॅटरी घालून दुकानात आले. काका तापलेले.

"मी रोज चालू करतो गाडी. रोज! एक दिवस खाडा नाही. मग ही मरते कशी?"

मी समजावलं. म्हटलं, काका, गाडी स्टार्ट करताना बॅटरीतून एकदम मोठा करंट जातो. तो परत भरून यायला गाडी चांगली अर्धा तास रस्त्यावर पळली पाहिजे. तुम्ही रोज दोन मिनिटं चालू करता, म्हणजे रोज थोडी थोडी रिकामी करताय.

काकांना पटेना. "चालू तर होते ना? मग इंजिन भरतं ना तिला!"

शेवटी मी त्यांच्याच भाषेत शिरले. "काका, धरणाचा दरवाजा रोज थोडा उघडायचा आणि वरून पाऊस थेंबभर. काय होईल?"

काकांचा चेहरा एकदम बदलला. खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे आवक नाही आणि विसर्ग चालू?"

"बरोबर!"

"अरे बापरे! मग हे आधी नाही का सांगायचं?"

तेवढ्यात काकू बोलल्या. "माझं तरी काय वेगळं हाय गो? रोज म्हणतात, चल तयार हो, फिरून येऊ. मी साडी बदलून बाहेर येते तर गाडी बंद होऊन कव्हर पण चढलेलं!"

मी लगेच ट्रीटमेंट सांगितली. आठवड्यातून एकदा दोघांनी लांबवर जाऊन यायचं. गावात चक्कर नाही, चांगलं मुरबाडपर्यंत. बॅटरीला हेच औषध!

काकांनी ते औषध शिस्तीत सुरू केलं. रविवार आला की दोघं निघतात. कधी मुरबाडला मिसळ, कधी हायवेला चहा-भजी. बॅटरी एकदम फिट आहे.

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. आवाज हळू केलेला, बहुतेक काका शेजारच्या खोलीत असावेत.

"गो, ह्यांना एवढं सांगशील का? बॅटरीला आठवड्यातून दोनदा लागतं म्हणून!"

* * *

डोळखांबच्या पलीकडं डोंगराला लागून एक पाडा आहे. तिथला काळूराम भेंडी-काकडी बाजाराला न्यायला एक जुनी व्हॅन चालवतो. पावसाळ्यात पाड्याच्या वाटेवर इतका चिखल होतो की व्हॅन वर जातच नाही. मग ती खालच्या गावात एका शेडमध्ये उभी, ती पार दसऱ्यापर्यंत.

पहिल्या वर्षी तो विचारायला आला. मी त्याला बॅटरी काढून आणायला लावली, फुल चार्ज करून दिली आणि सांगितलं, "घरात कोरड्या जागी ठेव. मुलांचा हात नको. पाणी बघत जा." पाण्याचं मी सगळ्यांनाच सवयीनं सांगते. त्याची बॅटरी सीलबंद होती, तिला पाणी घालायचं नसतं, हे सांगायचं राहिलं.

पाऊस सरला. काळूराम बॅटरी घेऊन आला, बरोबर त्याची आई. बॅटरी काउंटरवर ठेवली आणि मी बघतच राहिले. हळद, कुंकू, वर झेंडूची माळ!

"काळूराम, ही बॅटरी हाय का गावदेवी?"

आई पुढं झाली. "गाडीचं काळीज हाय ती. घरात आली तर काय कोपऱ्यात टाकाची? पाटावर बसवली. दसऱ्याला कोयत्याची पूजा केली, तवा हिची पन केली."

मी मीटर लावला. बॅटरी ठणठणीत! कोरडी जागा, लाकडी पाट, वर धुळीचा कण नाही. शहरातली माणसं एवढी काळजी घेत नाहीत. मी तसं सांगितलं तर आईचा चेहरा फुलला, पण तिच्या मनात एक खंत होतीच.

"तुमी पाणी बघा म्हनलेलात ना? मी रोज गडूभर ठेवलं हिच्या पुढ्यात. पन पेली नाय हो!"

हसू दाबत मी म्हटलं, "आजी, ही सीलबंद असते. हिला वरून पाणी लागत नाय. आषाढापासून हिनं काही घेतलं नाय तरी चालतं."

आजीनं बॅटरीला हात जोडले.

"म्हंजे चातुर्मास धरला व्हता म्हना की बायनं!"

* * *

मुरबाडजवळच्या एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो, मुलीकडून. मुलीचे वडील शांतारामभाऊ टेम्पो चालवतात, आमचं जुनं गिऱ्हाईक.

नवरदेवाची गाडी सकाळपासून मांडवासमोर उभी होती, नवीकोरी, ऑटोमॅटिक. नवरदेवाच्या मित्रांनी तिला फुलं लावली, लुकलुकणाऱ्या लाइटच्या माळा लावल्या, त्या गाडीच्याच बॅटरीला जोडल्या आणि वर गाडीतला टेप फुल आवाजात दिवसभर वाजवला. इंजिन बंद! दिलीप जेवताना दोनदा तिकडं बघून मान हलवत होता. मी म्हटलं, "आज आपण पाहुणे आहोत. गप जेवा."

संध्याकाळी पाठवणी. मुलगी आईच्या गळ्यात पडली, आई मावशीच्या गळ्यात, मावशी माझ्या. शांतारामभाऊ खांबाला धरून लहान मुलासारखे रडत होते. शेवटी नवरानवरी गाडीत बसले, दार लागलं, चाकाखाली नारळ ठेवला. सगळ्यांनी डोळ्यांना पदर लावले.

टक्.

परत टक्.

रडणं हळूहळू थांबलं. सगळे गाडीकडं बघायला लागले. नवरदेवाचे कान लाल. मित्र ढकलायला धावले. दिलीप म्हणाला, "ऑटोमॅटिक हाय रे. ढकलून नाय व्हायची ती चालू, घाटापर्यंत ढकला नायतर!"

मुलीनं काच खाली करायला बघितली, तीही होईना. मग दार उघडून म्हणाली, "आई, पाणी दे गो. उकडतंय आत." आई, जी आत्ता मिनिटापूर्वी कोसळायला आली होती, ती तरातरा पाणी घेऊन आली. कोणीतरी परत चहा टाकला. पाठवणी झालेली नवरी माहेरच्या मांडवात बसून चहा प्यायला लागली!

शांतारामभाऊंनी डोळे पुसले, जाऊन टेम्पो आणला, नाकाला नाक लावून उभा केला आणि आपली जंपर केबल काढली. मुलाचे वडील हात जोडून पुढं आले. बिचारे शरमले होते.

"माफ करा सोयरे. मुलगी दिलीत, आता करंट पण तुमीच देताय!"

गाडी चालू झाली. सगळे परत रडायच्या तयारीला लागले, पण कोणालाच जमेना. मुलीच्या आईला तर हसूच आवरेना. मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, तुमी टेम्पो घेऊन पुढं राहा. परत बंद पडली तर?"

शांतारामभाऊ टेम्पोत बसले आणि वरातीच्या पुढं निघाले. पाठवणी करून मुलीच्या आधी सासरी पोचलेला बाप मी तेवढा एकच बघितला!

* * *

टोकावड्याच्या बाजूला कल्याणच्या एका डॉक्टरांचं शेतघर आहे. बाळंतपणाचे डॉक्टर, हाताला यश असलेले. त्यांची एक जुनी जीप तिथं शेडमध्ये असते. पावसाळ्यात ते तिकडं फिरकत नाहीत. मी त्यांना बॅटरी काढून कल्याणला घरी न्यायला सांगितली आणि उंदरांचा त्रास होता म्हणून बॉनेट काठी लावून उघडं ठेवायला सांगितलं. उंदराला उजेड आवडत नाही.

पाऊस उघडला. डॉक्टरांना बायको-पोरांना घेऊन जीपमधून माळशेजला जायचं होतं. त्यांनी शेतघर सांभाळणाऱ्या बारकूला फोन केला. "उद्या बॅटरी बसवायला येतोय. जागा साफ करून ठेव."

बारकू म्हणाला, "साहेब, जागा रिकामी नाय. आधीच बसलेली हाय."

डॉक्टरांनी लगेच मला फोन लावला. आवाज चढलेला. "अहो, बॅटरी माझ्या हॉलमध्ये आहे आणि बारकू म्हणतो तिथं बसलेली आहे! माझ्या जीपमध्ये दुसरी बॅटरी बसवली कोणी?"

मला काय माहीत? मी दिलीपला त्यांच्याबरोबर पाठवला. वाटेत डॉक्टर एकच बोलत होते, माझी जीप परस्पर कोणी चालवतंय की काय! पोचल्या पोचल्या त्यांनी बारकूला उभ्या उभ्या विचारलं, "कोणी बसवली?"

बारकू गोंधळला. "कोनी नाय साहेब. तिची तीच बसली."

दिलीपनं वाकून बॉनेटखाली बघितलं आणि झटक्यात हात मागं घेतला. हाताला चोच लागलेली! बॅटरीच्या रिकाम्या जागेत पेंढा पसरून बारकूच्या बायकोची कोंबडी अंड्यांवर बसली होती. अंगाचा फुगा करून असा काही आवाज काढत होती, की जणू जीप तिच्या बापाची!

दिलीप म्हणाला, "उचलून टोपलीत ठेवू. पाच मिनिटांत बॅटरी बसवतो."

बारकूच्या बायकोचा चेहरा पडला. अशी हलवली तर कोंबडी अंडी टाकून देते, हे सगळ्यांना माहीत. पण साहेबांना सांगणार कोण?

डॉक्टर पुढं झाले. चष्मा सारखा करून त्यांनी कोंबडीला नीट बघितलं. मग दिलीपचा हात धरून मागं ओढला.

"हात लावू नका. डिलिव्हरी झाल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही!"

* * *

दोन भाऊ, मुरबाड तालुक्यातले. एकच अंगण, दोन दारं. वाटणीवरून काहीतरी बिनसलं आणि बोलणं बंद झालं. आई एक वेळ ह्या दारात जेवायची, एक वेळ त्या दारात.

एका सकाळी थोरल्याचा मला फोन आला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कल्याणला नंबर लावलेला आणि गाडी चालू होईना. दिलीप कसाऱ्याकडं गेलेला. मी म्हटलं, "केबल हाय का?"

"केबल हाय."

"मग शेजारची गाडी घ्या. दोन मिनिटांचं काम."

"शेजारी गाडी नाय."

तेवढ्यात फोनवर मागं कोणाची तरी गाडी चालू झाल्याचा आवाज आला. मी विचारलं, "मग ही कोणाची?"

थोरला हळूच म्हणाला, "ती... ह्याची हाय."

त्याच्या हातातला फोन बहुतेक आईनंच घेतला. म्हातारीचा आवाज आला. "ताई, फोन चालू ठेव." मग ती अंगणाकडं तोंड करून ओरडली, "ए, कामाला नंतर जा! गाडी हिकडं घे. नाकाला नाक लाव!"

फोन स्पीकरवर टाकला गेला. आता एका बाजूला थोरला, एका बाजूला धाकटा, मधे केबल आणि शहापुरात मी! दोघं हातभर अंतरावर उभे, पण बोलायचे माझ्याशी.

"वहिनी, त्याला सांगा, लाल चिमटा पलसला लाव."

मी सांगितलं, "भाऊ, लाल पलसला."

धाकटा म्हणाला, "त्यांना सांगा, लावला कधीच. त्यांचा काळा कुठं लावतायत ते बघा म्हनावं."

मी थोरल्याला सांगितलं, "दादा, काळा तुमच्या बॅटरीवर नको. इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब."

"त्याला सांगा, मला कळतंय!"

"त्यांना सांगा, कळत असतं तर गाडी बंद पडली नसती!"

हे मी पुढं पाठवलं नाही. दोघांनीही ऐकलंच होतं. मी फक्त म्हटलं, "धाकटे भाऊ, तुमची गाडी चालू ठेवा. पाच मिनिटं कोणी काही करू नका."

ती पाच मिनिटं फोनवर नुसता इंजिनचा आवाज. मधे एकदा आई खोकली. मीही फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर हात जोडून बसले होते. बाईच्या डोळ्यांचा प्रश्न होता. आजचा नंबर चुकला तर परत कधी मिळतोय कोण जाणे!

"आता मारा स्टार्टर."

घरघर झाली, थांबली. परत घरघर. आणि गाडी लागली! मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. फोनवर चिमटे काढल्याचे आवाज, बॉनेट पडल्याचा आवाज. आणि मग धाकटा जिवाच्या आकांतानं ओरडला,

"दादा! आता बंद करू नको रे!"

मागं इंजिन धडधडत राहिलं. मी फोन उचलून कानाला घट्ट लावला. मग थोरला म्हणाला,

"नाय करत. तू बस ना पुढं."

मी फोन ठेवला.

* * *

आता ताराकाकूंचं सांगते.

किन्हवलीच्या पुढं आत एक गाव आहे, तिथं त्या एकट्या राहतात. नवऱ्यानं हौसेनं एक छोटी गाडी घेतली होती. अंगणातून हॉर्न वाजवून काकूंना बोलवायचा, बाजूला बसवून सगळीकडं फिरवायचा. काका गेले आणि गाडी पडवीत उभी राहिली. मुली लग्न होऊन नाशिकला आणि कल्याणला. दोघी म्हणाल्या, आई, गाडी विकून टाक. काकू म्हणाल्या, "असू दे."

दिवाळी झाल्यावर त्या माझ्याकडं आल्या. "गो, गाडी उभी हाय. बॅटरी मरता कामा नये. काय कराचं?"

मी दोन्ही मार्ग सांगितले. एकतर मायनसची वायर काढून ठेवायची. नाहीतर आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवायची. नुसती चालू करून उभी ठेवली तर उपयोग नाही, पळली पाहिजे.

"चालवनार कोन?"

"मग वायर काढून ठेवा, काकू. सोपं आहे."

काकू जरा वेळ बाहेरच्या रस्त्याकडं बघत बसल्या. "वायर काढली म्हंजे हॉर्न पन नाय वाजनार?"

"नाय. काहीच नाय."

"मंग नको," म्हणाल्या आणि उठल्या.

दिलीपनं बॅटरी चार्ज करून बसवून दिली. मला वाटलं, महिन्याभरात फोन येईल. नाही आला. त्या बाजूला गेला की दिलीप आपणहून डोकावायचा. बॅटरी कायम फुल! टर्मिनल पुसलेलं, वर व्हॅसलिन लावलेलं. तो विचारायचा, "काकू, गाडी कोण चालवतं?"

"चालवतं कुनीतरी," म्हणायच्या आणि त्याच्या पुढ्यात चहा ठेवायच्या.

एकदा तो घरी येऊन म्हणाला, "त्यांच्या घरामागं कापलेल्या शेतात चाकांचे वण आहेत. गोल गोल, गोल गोल. गावातली पोरं खेळत असतील गाडीशी." आम्ही काही फार विचार केला नाही. पावसात मात्र काकूंनी स्वतःच फोन करून वायर कशी काढायची ते विचारून घेतलं आणि पाऊस गेल्यावर परत लावली.

भातकापणी संपत आली होती. भर दुपार, दुकानात मी एकटी. बाहेर असा काही इंजिनचा आवाज आला की जणू गाडी रडतेय. कोणीतरी दुसऱ्या गिअरवर आणली होती, तीसुद्धा ताणून. बघते तर एक छोटी गाडी रस्त्याच्या मधोमध, माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. टपावर पेंढ्याच्या काड्या, दारापर्यंत चिखल. मागं दोन रिक्षा, एक एसटी, सगळे हॉर्न मारतायत.

दार उघडून ताराकाकू उतरल्या! लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, हाताला माती, कपाळावर घाम.

मी धावत बाहेर गेले. "काकू! तुम्ही? गाडी कोणी आणली?"

"मीच."

मी त्यांना धरून दुकानात बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. शेजारची सून मंजू पेंढा रचत होती आणि तिला पान लागलं. आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. घरातली पुरुषमाणसं कामाला गेलेली. अँब्युलन्सला फोन केला तर ती दुसऱ्या गावात पेशंट आणायला गेलेली, यायला वेळ लागणार होता. मंजूचा पाय सुजत चालला होता आणि सासू नुसती छाती बडवत होती.

"मंग काय करनार? दोघींना मागं टाकलं आनी आनली."

"मंजू कुठंय?"

"दवाखान्यात दिली. सापाचं इंजेक्शन चालू केलंय. डाक्टर म्हनला, येळेत आनली."

मंजू पुढं आठवड्यानं घरी आली, चालत. पण तेव्हा आम्हाला कशाचीच खात्री नव्हती. मी काकूंचा हात धरून बसले होते. माझेच डोळे भरून आले होते, त्यांचे कोरडे.

"काकू, पण तुम्ही गाडी शिकलात कधी? कोणी शिकवली?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

"तूच म्हनलीस ना, आठवड्याला अर्धा तास चालवाची म्हनून?"

लायसनचं विचारायची माझी हिंमतच झाली नाही. बाहेर एसटीचा ड्रायव्हर आता खाली उतरला होता. रिक्षावाले ओरडत होते. काकूंनी पदरानं तोंड पुसलं, उठून दारात गेल्या, सगळ्या रस्त्याकडं एकदा शांतपणे बघितलं आणि मला म्हणाल्या,

"गो, दिलीपला बोलव जरा. गाडी तेवढी वळवून दे म्हनावं. मला मागं घेता येत नाय!"